अकरा नंबरचा हजेरीपट

बँकेत माणूस ज्या दिवशी रुजू होतो, त्याच दिवशी त्याच्या निवृत्तीची तारीखही नक्की होते. साठावं वर्ष ज्या महिन्यात पुरं होईल, त्या महिन्याची अखेर. तिथे कुणाची हुशारी चालत नाही आणि कुणाचा वशिलाही चालत नाही. त्या दिवशी चार वाजता कॅन्टीनमधून सामोसे येतात, शाल-श्रीफळ येतं, आयुष्यभर ज्याच्याशी पटलं नाही तोच सहकारी उठून भरभरून बोलतो आणि सत्कारमूर्ती हाराची पिशवी सांभाळत लोकल पकडते. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर दुसरा कुणी बसलेला असतो.

खेळाडूला ही सोय नाही. त्याची तारीख कुठे लिहिलेली नसते. कधी ती गुडघा ठरवतो, कधी निवड समिती. स्वतःची तारीख स्वतः ठरवण्याचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं आणि त्यांनाही लोक सुखाने जाऊ देत नाहीत. लवकर गेला तर ‘घाई केली’, उशिरा गेला तर ‘जागा अडवून बसला होता’.

१६ मे २०२४ रोजी सुनील छेत्रीने आपली तारीख जाहीर केली. एक चित्रफीत प्रसिद्ध करून त्याने सांगितलं, की ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध होणारा विश्वचषक पात्रता फेरीचा सामना हा भारताकडून आपला शेवटचा. त्या चित्रफितीत त्याने स्वतःच्या गोलांचा पाढा वाचला नाही. त्याला आठवला तो पहिला सामना. प्रशिक्षक सुखविंदर सिंग यांनी सकाळी येऊन ‘आज तू खेळणार’ असं सांगितलं होतं आणि त्या आनंदात पोराने भारताच्या जर्सीवर अत्तर शिंपडलं होतं. का, ते त्यालाही सांगता येईना. निवृत्तीची बातमी घरी सांगितल्यावर वडील शांत राहिले, आई आणि बायको मात्र रडायला लागल्या, हेही त्याने सांगितलं. आपल्या कुठल्याही घरात असंच झालं असतं.

आपल्याकडे खेळाडूच्या निवृत्तीचे अश्रू राखून ठेवलेले असतात ते क्रिकेटसाठी. १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर सचिन तेंडुलकर कागद हातात घेऊन बोलला, तेव्हा मुंबईत कितीतरी घरांत भाजी करपली असेल. त्यात गैर काही नाही. पण ज्या देशात मुलगा हातात बॅट घेऊनच जन्मतो असं म्हणतात, त्या देशात एक माणूस वीस वर्षं फुटबॉल खेळला, भारताकडून नव्वदच्या वर गोल केले आणि २०२४ साली निवृत्ती जाहीर करताना त्या वेळी खेळणाऱ्यांत त्याच्या पुढे फक्त रोनाल्डो आणि मेस्सी होते, हे आपल्यापैकी किती घरांना ठाऊक आहे? मी या माणसाचा चाहता आहे. पण मी आयुष्यभर हिशेब तपासले असल्यामुळे माझं कौतुकही जमा-खर्च मांडूनच होणार, हे आधीच सांगून ठेवतो.

*

सुनीलचा जन्म ३ ऑगस्ट १९८४चा, सिकंदराबादचा. वडील लष्करात. आई सुशीला आणि तिची जुळी बहीण दोघीही नेपाळच्या महिला संघाकडून फुटबॉल खेळलेल्या. म्हणजे या घरात फुटबॉल आला तो आईकडून. आपल्याकडे मुलगा मैदानात रेंगाळला तर हाक मारायला आई खिडकीत येते. इथे आईलाच चेंडू कसा अडवायचा ते ठाऊक होतं.

दिल्लीच्या एका छोट्या क्लबातून २००२ साली तो मोहन बागानमध्ये गेला, तिथून पंजाबच्या जेसीटीकडे, मग ईस्ट बंगाल. पुढचे काही थांबे आपल्या ओळखीच्या गोव्यातले. डेम्पोकडून तो खेळला त्या २००९-१०च्या मोसमात डेम्पोने आय-लीग जिंकली. २०१२-१३मध्ये चर्चिल ब्रदर्सकडे आला आणि चर्चिलनेही लीग जिंकली. २०१३मध्ये बंगळुरू एफसी हा नवाच क्लब निघाला, तेव्हा त्याचा कर्णधार सुनील. त्या क्लबाने पहिल्याच मोसमात विजेतेपद घेतलं.

ही झाली जमेची बाजू. आता दुसरी. २००९ साली लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबाने त्याच्याशी करार केला होता. ब्रिटिश सरकारने त्याला काम करायचा परवाना नाकारला, कारण भारताचा संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नव्हता. म्हणजे अर्जदार पात्र, पण त्याच्या गावाचा पत्ता अपात्र! २०१०मध्ये तो अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला. तिथे त्याचा बहुतेक काळ राखीव बाकावर गेला. २०१२मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग लिस्बनने त्याला घेतलं, पण दुय्यम संघात, आणि तिथेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सामने मिळाले.

तीनदा बढतीची मुलाखत दिली आणि तिन्ही वेळा नाव यादीत नाही, अशी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. त्यांतली बरीचशी मग कडवट होतात. टेबलावरचं काम टेबलावरच ठेवून संपूर्ण व्यवस्थेला शिव्या घालत चहा पितात. त्यांना दोष देण्यात अर्थ नसतो. सुनील परत आला आणि दुसऱ्या दिवशी सरावाला हजर झाला. माझ्या मनात या खेळाडूबद्दल आदर निर्माण झाला तो इथे. त्याच्या गोलांबद्दलचं कौतुक नंतरचं.

*

भारताकडून त्याने पहिला गोल केला तो १२ जून २००५ला क्वेट्टामध्ये, पाकिस्तानविरुद्ध, पहिल्याच सामन्यात. अत्तर फुकट गेलं नाही म्हणायचं. ऑगस्ट २००८मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर आशियाई चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला ४-१ असं हरवलं. त्यांत तीन गोल सुनीलचे. त्या विजयामुळे भारत २०११च्या आशिया चषकाला पात्र ठरला, तो १९८४नंतर प्रथमच. म्हणजे सुनील जन्मला त्या वर्षी भारत शेवटचा त्या स्पर्धेत होता आणि पुन्हा त्या दारात जायला सत्तावीस वर्षं लागली. जानेवारी २०१९मध्ये याच स्पर्धेत थायलंडला ४-१ हरवलं, त्यांत दोन गोल त्याचे. सरकारने २०११मध्ये अर्जुन पुरस्कार, २०१९मध्ये पद्मश्री आणि २०२१मध्ये खेलरत्न देऊन त्याचा गौरव केला. २०२२मध्ये ‘फिफा’ या फुटबॉलच्या जागतिक संघटनेने त्याच्यावर तीन भागांचा माहितीपट काढला.

जाणकार इथे भुवया उंचावतात. ‘अहो, त्यातले कितीतरी गोल नेपाळ, मालदीव, बांगलादेश असल्या संघांविरुद्ध आहेत!’ खरं आहे. भारताचा संघ ज्यांच्याशी खेळला, त्यांच्याविरुद्धच त्याला गोल करता येणार होते. आपण विश्वचषकात कधी खेळलो नाही. ऑलिम्पिकमध्ये शेवटचे खेळलो ते १९६०ला रोममध्ये. ज्या शाखेत ठेवीच लहान असतात, तिथल्या कॅशियरला ‘तू मोठ्या नोटा का मोजल्या नाहीस?’ असं विचारून चालत नाही. त्याची रोकड रोज संध्याकाळी जुळली की नाही, ते पाहायचं. सुनीलची जुळली.

कशी जुळली, तेही पाहण्यासारखं आहे. उंची पाच फूट सात इंच. त्याच्याहून वीतभर उंच बचावपटू दोन्ही बाजूंना असताना तो डोक्याने गोल करायचा. डाव्या बाजूने आत वळून उजव्या पायाने दूरच्या खांबाकडे मारलेला फटका ही त्याची सही होती. समोरच्या गोलरक्षकाला ठाऊक असायचं की हा आता आत वळणार, आणि तो वळायचाच.

आमच्या गोवंडीत पावसाळ्यात पोरं फुटबॉल खेळतात. गोवंडी म्हटलं की बाहेरच्यांना देवनारचा कत्तलखाना आणि कचऱ्याचा डोंगर एवढंच आठवतं. पण जून-जुलैत स्टेशनपासून घरी येताना पाहावं, जिथे म्हणून चार बैठ्या घरांएवढी मोकळी जागा आहे तिथे गुडघाभर चिखलात एक चेंडू आणि पंधरा पोरं असतात. पाठीवर बहुतेक मेस्सीचा दहा नाहीतर रोनाल्डोचा सात. एकदा एका पोराच्या पाठीवर शाईने काढलेला अकरा दिसला. अकरा हा सुनीलचा नंबर. मी थांबून विचारलं, एवढासा माणूस इतक्या उंच लोकांत हेडर कसा मारतो रे? पोरगं म्हणालं, “अंकल, वो उछलता कम है, पहले से पहुँचा रहता है.”

मी चाळीस वर्षं फुटबॉलवरची समीक्षा वाचतो आहे. सुनीलच्या खेळाचं इतकं नेमकं वर्णन मला कुठे मिळालेलं नाही. चेंडू कुठे येणार हे ओळखून तिथे आधी हजर राहायचं. दिसायला यात चमत्कार काही नाही. मेस्सीसारखा पाच जणांना चकवणारा पाय देवाने त्याला दिला नव्हता. जे दिलं होतं ते त्याने जपलं. खाण्यावर ताबा ठेवला, पुढे तर दूधदुभतंही सोडलं, वेळेवर झोपला, सरावाला वेळेवर पोचला. वीस वर्षांच्या मस्टरवर लेट मार्क नाही.

*

मुंबईकराने फुटबॉलकडे परकं म्हणून पाहावं, असं खरं तर काही नाही. इथे रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला. हैदराबाद पोलिसांनी तो १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं नेला. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला तो नेव्हिल डिसोझा. मूळचा गोव्याचा, पण खेळला आपल्या मुंबईत. त्या वर्षी भारत चौथा आला.

मी १९८१मध्ये बँकेत लागलो, तेव्हा फोर्टातून संध्याकाळी चालत कूपरेजला जाता यायचं. मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स, महिंद्र, रेल्वे, बँका या सगळ्यांचे संघ होते. त्या काळी फुटबॉलपटूला पगार मिळायचा तो कचेरीत. देशभर हीच रीत होती. पी. के. बॅनर्जींसारखा थोर खेळाडू रेल्वेत होता, पुढच्या काळात विजयन केरळ पोलिसांत.

आमच्या क्लिअरिंग विभागातही असा एक खेळाडू होता. खेळाच्या कोट्यातून लागलेला. दुपारी जेवण झालं की तो किटची बॅग उचलून सरावाला जायचा आणि मागे राहिलेले आम्ही त्याच्या वाटचे चेक जुळवत कुरकुरायचो. पण बँकेचा सामना असला की तेच कुरकुरणारे लोक कूपरेजच्या गॅलरीत त्याच्या नावाने घसा कोरडा करायचे. तेहतिसाव्या वर्षी त्याचा गुडघा गेला. एका सोमवारी तो जेवणानंतर उठलाच नाही. लेजर पुढे ओढून बसला तो सहापर्यंत. कुणी काही बोललं नाही. पुढे सत्तावीस वर्षांनी त्याचाही निरोप समारंभ झाला. शाल मिळाली, भाषणं झाली. सगळे त्याच्या अचूक लेजरबद्दल बोलले, फुटबॉलचा उल्लेख एकाने ओझरता केला. त्याच्यातला खेळाडू खरा निवृत्त झाला त्या सोमवारी, आणि त्या दिवशी सामोसासुद्धा आला नव्हता.

हे सगळे संघ हळूहळू मिटले. रोव्हर्स कप २००१च्या सुमारास बंद पडला. २००५-०६मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१०मध्ये बंद झाला, सुनील ज्या जेसीटीकडून खेळला होता तो पुढच्या वर्षी. सुनीलची पिढी या दोन काळांच्या सांध्यावरची. मागच्यांना खुर्ची होती, टाळ्या कमी होत्या. पुढच्यांना करार आहेत, झगमगाट आहे, पण गुडघा गेला तर ओढून घ्यायला लेजर नाही.

*

या झगमगाटाने सुनीलला आमच्या हार्बर लाइनवर आणून सोडलं. २०१५च्या लिलावात मुंबई सिटी एफसीने त्याला १ कोटी २० लाखांना घेतलं. तेव्हा मुंबई सिटीचे घरचे सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर व्हायचे. गोवंडीहून मानखुर्द, खाडी ओलांडून वाशी, सानपाडा, जुईनगर आणि नेरुळ. जन्मभर फुटबॉलसाठी चर्चगेटच्या बाजूला धावलेल्या माणसाला उलट्या दिशेची रिकामी गाडी मिळाली, हेच केवढं सुख! त्याच ऑक्टोबरात नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध त्याने तीन गोल केले. इंडियन सुपर लीगमधली ती भारतीय खेळाडूची पहिली हॅट्‌ट्रिक.

पण मुंबईच्या उपनगरांशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं ते अंधेरीत, जून २०१८मध्ये.

त्या वर्षी माझी साठी होती. निवृत्तीची तारीख ३१ मे. नेमका ३० आणि ३१ मेला देशभर बँकांचा संप झाला आणि माझा निरोप समारंभ २९ तारखेलाच उरकून घेण्यात आला. सदतीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या दोन दिवसांची हजेरी मस्टरवर लागलीच नाही. दुसऱ्याच दिवशी, १ जूनला, अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात भारत विरुद्ध चायनीज तैपेई असा सामना होता. घाटकोपरला बसने, तिथून मेट्रोने आझाद नगर, असा मी निघालो. भारत ५-० जिंकला. सुनीलची हॅट्‌ट्रिक. आणि प्रेक्षक किती? २,५६९. सव्वा कोटीच्या शहरात! खेळाडू एकमेकांना मारत असलेल्या हाका वर गॅलरीत स्वच्छ ऐकू येत होत्या.

दुसऱ्या दिवशी सुनीलची ती प्रसिद्ध चित्रफीत आली. हात जोडून तो म्हणाला, की युरोपातल्या क्लबांवर प्रेम करणाऱ्यांना आमचा दर्जा तितका वाटत नाही हे मान्य आहे. पण स्टेडियममध्ये या. आमच्यावर टीका करा, तोंडावर ओरडा, शिव्या द्या, पण या. मोबाइलवर टीका करण्यात मजा नाही. विराट कोहलीने ती चित्रफीत पुढे पाठवली, सचिनने लोकांना आवाहन केलं आणि एका दिवसात तिकिटं संपली.

हॅट्‌ट्रिक करणाऱ्या कर्णधाराने प्रेक्षकांसमोर हात जोडावेत, हे काही जणांना केविलवाणं वाटलं. मला तसं वाटलं नाही. ग्राहक शाखेत येत नाहीत म्हणून काचेच्या केबिनमध्ये बसून ग्राहकांना नावं ठेवणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत आणि छत्री घेऊन भर उन्हात दुकानोदुकानी फिरून ‘एक खातं तरी उघडा’ म्हणणारेही पाहिले आहेत. शाखा उभी राहते ती दुसऱ्यांमुळे. स्वतःचं काम चोख झालेलं असलं की मागायला लाज वाटत नाही. सुनीलने आधी तीन गोल केले, मग हात जोडले.

४ जूनला केनियाविरुद्ध सामना होता. सुनीलचा भारताकडून शंभरावा. भायचुंग भुतियानंतर शंभरी गाठणारा हा दुसरा भारतीय. वळवाच्या पावसाने मैदानाचं तळं केलं होतं. तरी नऊ हजारांच्या आसपास माणसं. माझ्या पुढच्या रांगेत एक कुटुंब होतं, आजी-आजोबांसकट. आजींना ऑफसाइड म्हणजे काय ते कळत नव्हतं आणि त्यांचा नातू ते त्यांना पाण्याच्या बाटलीची झाकणं मांडून समजावत होता. पहिल्या अर्धात गोल नाही. दुसऱ्या अर्धात सुनीलने पेनल्टीवर पहिला गोल केला, तीन मिनिटांनी जेजेने दुसरा, आणि सामना संपता संपता पुन्हा सुनील. ३-०. भिजलेली माणसं जागची हलेनात. पुढे न्यूझीलंडकडून भारत १-२ हरला, तरी अंतिम सामन्यात १० जूनला केनियाला पुन्हा २-० हरवलं. दोन्ही गोल त्याचेच. त्या स्पर्धेत चार सामन्यांत आठ गोल. एकूण चौसष्ट, त्या दिवशी मेस्सीच्या बरोबरीने.

पुढच्याच वर्षी, १७ मार्च २०१९ला, त्याच मैदानावर त्याच्या बंगळुरू एफसीने आयएसएलचा अंतिम सामना जिंकला. जादा वेळेत एकमेव गोल केला तो आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने. करंडक उचलला सुनीलने. भेके हे आडनाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

*

तर ६ जून २०२४. सॉल्ट लेक स्टेडियमवर जवळजवळ साठ हजार माणसं. सामना ०-० असा सुटला. गोल झाला नाही, विजय मिळाला नाही. दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या सहकाऱ्यांच्या रांगेतून तो बाहेर पडला, तेव्हा रडत होता. १५१ सामने, ९४ गोल. कथा इथे संपली असती तर सुबक झाली असती.

पण मार्च २०२५मध्ये तो परत आला. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी बोलावलं म्हणून आला. वय चाळीस. आमच्या सोसायटीतल्या एका कॉलेजकुमाराला हे अजिबात रुचलं नाही. लिफ्टमध्ये मला म्हणाला, “काका, तुमच्या छेत्रीने परत यायला नको होतं. एवढा छान निरोप झाला होता.”

मी म्हटलं, “अरे, आमच्या बँकेत निवृत्त माणसाला परत बोलावलं, की तो माणूस लोभी आहे असं आम्ही समजत नसू. आत कुठेतरी बॅलन्स जुळत नाहीये, असं समजायचो.”

“पण काका, तो नाही म्हणू शकला असता.”

“शकला असता. पण कधीकधी ज्याने लेजर लिहिलंय त्याला ते तसंच टाकून झोप लागत नाही रे.”

तो हसला, पण त्याला पटलं नसावं. त्याच्या बाजूलाही वजन आहे. म्हातारे उठले नाहीत तर पोरांनी बसायचं कुठे? पण आकडे पाहा. २०२४ या संपूर्ण वर्षात भारताच्या संघाने एकही सामना जिंकला नाही. अकरा सामने, विजय शून्य. सुनील मात्र क्लबाकडून खेळत होता आणि त्या मोसमात त्याने आयएसएलमध्ये चौदा गोल केले. एकाही भारतीयाचे त्याहून जास्त नव्हते. चाळिशीतला माणूस जागा अडवून बसला होता म्हणावं, तर ती जागा मोकळी झाल्यावरही कुणी बसलं नाही. आयएसएलच्या बहुतेक संघांत आघाडीला परदेशी खेळाडू असतो. पगार देऊन गोल विकत आणायचे म्हटलं की घरचा आघाडीपटू घडवणार कोण? ही काळजी सुनीलची नव्हे, सगळ्यांची आहे.

१९ मार्च २०२५ला शिलाँगमध्ये भारताने मालदीवला ३-० हरवलं. सव्वा वर्षाहून अधिक काळानंतरचा पहिला विजय. पहिला गोल राहुल भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टन कोलासोचा आणि तिसरा, अर्थात डोक्याने, सुनीलचा. पंचाण्णवावा. पण त्या विजयाने गाडा मार्गी लागला नाही. आशिया चषकाच्या पात्रता फेरीत बांगलादेशशी बरोबरी झाली, हाँगकाँगविरुद्ध पराभव झाला. ऑगस्टमध्ये प्रशिक्षकपद खालिद जमील यांच्याकडे आलं. महिंद्र युनायटेडकडून खेळलेला, मुंबई एफसीला वर्षानुवर्षं सांभाळलेला हा आपल्याच मैदानांवरचा माणूस. त्यांच्या संघालाही १४ ऑक्टोबर २०२५ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने २-१ असं हरवलं आणि २०२७च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरात सुनीलने पुन्हा सांगितलं, की भारताकडून आपण थांबलो. या वेळी हार नाही, रांग नाही, साठ हजार माणसं नाहीत.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. आयएसएल एरवी सप्टेंबरात सुरू होते. त्या वर्षी कराराच्या आणि कोर्टाच्या घोळात ती सुरूच झाली नव्हती. काही क्लबांनी पगार थांबवले. तेव्हा सुनीलसह अनेक खेळाडूंनी मिळून जाहीर निवेदन काढलं. मागणं एकच, आम्हाला खेळू द्या. २०१८मध्ये त्याने हात जोडले होते ते प्रेक्षक यावेत म्हणून. सात वर्षांनी विनंती करावी लागली ती मैदानाचं दार उघडावं म्हणून. चाहत्याच्या मनाला लागतं ते हे. ९५ या आकड्यापुढे अजून किती लागले असते, याचा हिशेब मी करत बसत नाही.

*

एखाद्या मोठ्या खेळाडूचं कौतुक करणं सोपं असतं. त्याचे आकडे पाठ करायचे, जर्सी घ्यायची, निवृत्तीच्या दिवशी डोळे पुसायचे. सुनीलने आपल्याकडे यातलं काहीच मागितलं नव्हतं. त्याने मागितली होती हजेरी. स्वतः वीस वर्षं लावली, तीच.

अंधेरीत त्या पावसात आलेले नऊ हजार लोक खोटे नव्हते. पण ते एका माणसाच्या हाकेला आले होते. ती हाक आता येणार नाही. मुंबईच्या स्थानिक लीगचे सामने होतात तिथे बहुतेकदा तिकीटही नसतं. गॅलरीत दोन-चार पालक, एखादा पेन्शनर आणि राखीव खेळाडूंच्या बॅगा एवढीच गर्दी. मैदानावरच्या बावीस पोरांपैकी एखादा चेंडूच्या आधी पोचणारा असतो. त्याला अजून कुणी पाहिलेलं नसतं. आमच्या क्लिअरिंगमधल्या खेळाडूला निदान कुरकुरणारे सहकारी तरी होते.

येत्या पावसाळ्यात एखाद्या रविवारी घरातल्या मुलामुलींना घेऊन जवळच्या मैदानावर जा. आजींनाही न्या. ऑफसाइड समजला नाही तरी चालतं. नव्वद मिनिटं बसा, चुकला तर ओरडा, गोल झाला तर टाळ्या वाजवा आणि निघताना त्या पोराला त्याचं नाव विचारा.